प्रेक्षणीय स्थळे, भोजनगृहे व पानगृहे : शहरांच्या याद्यांचा अर्थ आणि नाहूरचे उदाहरण

परक्या शहरात पाऊल टाकणाऱ्या माणसाचे तीन प्रश्न असतात : पाहावे काय, जेवावे कोठे आणि तहान भागवावी कोठे. या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या याद्या प्रत्येक मोठ्या शहराविषयी तयार झालेल्या आढळतात. अमेरिकन शहरांच्या बाबतीत तर अशा याद्यांचे एक स्वतंत्र वाङ्मयच उभे राहिले आहे. बेडेकर या जर्मन प्रकाशनसंस्थेने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची मार्गदर्शिका १८९३ मध्ये काढली. पुढे हा प्रकार इतका रूढ झाला की, यादी म्हणजेच शहर अशी समजूत होऊ लागली. वास्तविक यादी हे शहराचे चित्र नसून शहराकडे पाहणाऱ्याच्या गरजांचे व शहरात प्रवेश देणाऱ्यांच्या नियमांचे चित्र असते. हे विधान स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात अमेरिकन शहरे, मुंबई आणि मुंबईच्या उत्तर-पूर्वेस भांडुप व मुलुंड यांच्यामध्ये वसलेले नाहूर यांचा एकत्र विचार केला आहे. ज्या नाहूरचे नाव कोणत्याही सुप्रसिद्ध यादीत सहसा येत नाही, तेच अशा विचाराला सर्वाधिक उपयुक्त ठरते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. स्थळ ‘प्रेक्षणीय’ कसे होते?

एखादी जागा स्वभावतःच प्रेक्षणीय असते, हा समज सार्वत्रिक आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनेल यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या समजाला छेद दिला. त्यांच्या प्रतिपादनानुसार प्रेक्षणीय स्थळ हा तीन घटकांचा संबंध असतो : पाहणारा प्रवासी, पाहिली जाणारी वस्तू आणि ती वस्तू पाहण्याजोगी आहे असे सांगणारी खूण. ही खूण म्हणजे पाटी, मार्गदर्शिकेतील परिच्छेद, चित्र किंवा नुसते नावही असू शकते. खूण नसेल तर वस्तू डोळ्यांसमोर असूनही ती दिसत नाही; उलट खूण ठळक असेल तर सामान्य वस्तूसमोरही गर्दी जमते.

मराठी वाचकांना या प्रक्रियेचे दर्शन एकोणिसाव्या शतकातच घडते. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ मध्ये निघाला. त्याच १८८९ मध्ये पंडिता रमाबाई यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तकही प्रसिद्ध झाले. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली त्या मार्च १८८६ च्या समारंभाच्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि १८८८ पर्यंत तेथे राहिल्या. एकाच वर्षी मराठीत एक पुस्तक स्वतःच्या शहराची ओळख करून देणारे आणि दुसरे परक्या देशाची, असा हा योग आहे. रमाबाईंच्या पुस्तकाचा विशेष असा की, त्यात स्थळांपेक्षा संस्थांना महत्त्व आहे. शासनपद्धती, शिक्षण, गृहस्थिती, स्त्रियांची चळवळ आणि मद्यपाननिषेधाचे कार्य यांचे निरीक्षण हाच त्यांचा प्रवास होता. मद्यनिषेधक स्त्री-संघटनेशी त्यांचा निकटचा संबंध होता. तेव्हा पानगृह हे त्यांच्या दृष्टीने भेट देण्याचे स्थळ नसून सुधारणेचा विषय होता. पाहणारा बदलला की यादीही बदलते, याचे हे मराठीतील उत्तम उदाहरण होय.

२. भोजनगृह : पंक्ती आणि मेज

पाहण्याला पैसा लागतो किंवा लागतही नाही. परंतु जेवण्याला पैशाखेरीज प्रवेशाचा अधिकार लागतो. भोजनगृहांच्या इतिहासात हा अधिकारच मुख्य आहे.

मुंबईत गिरण्यांची वाढ झाल्यावर कोकणातून व देशावरून आलेले हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून शहरात राहू लागले. त्यांच्या जेवणाची सोय खाणावळींनी केली. खाणावळ म्हणजे दुकान नव्हे. बहुधा चाळीतील एका खोलीत एखादी बाई महिन्याच्या बोलीने ठरावीक माणसांना दोन वेळचे जेवण घालीत असे. तिच्या पंक्तीला बसणारे बहुधा एका गावचे, एका जातीचे वा एका खात्यातील असत. खाणावळीत आपलेपणा होता, पण तो आपल्यांपुरता होता. या खाणावळवाल्या बायकांचे श्रम दीर्घकाळ हिशेबाबाहेर राहिले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून त्यांना संघटित केले व सावकाराच्या कर्जातून त्यांची सुटका करण्यासाठी बँकांचे दार उघडून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर गिरणगावाची घडी विस्कटली आणि या खाणावळींचा आधारच निखळला.

खाणावळीच्या उलट इराणी हॉटेलाची रचना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी इराणातून आलेल्या लोकांनी शहराच्या चौकाचौकांत ही हॉटेले थाटली. धोबीतलावाचे कयानी १९०४ मध्ये, ग्रँट रोड स्थानकाजवळचे मेरवान १९१४ मध्ये आणि बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ मध्ये सुरू झाले. रस्त्याच्या कोपऱ्यावरील जागा हिंदू व्यापाऱ्यांना अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यांना सुलभतेने मिळाली, असे सांगण्यात येते. कारण काहीही असो, परिणाम महत्त्वाचा आहे. दोन रस्त्यांकडे उघडणारे हे हॉटेल कोणा एका आळीचे राहिले नाही. संगमरवरी मेजाभोवती जो येऊन बसेल त्याला चहा व ब्रुन-मस्का मिळे. जातीची विचारणा होत नसे. पंक्तीचे जेवण माणसाला त्याच्या गटात बसवते, तर मेजावरचा चहा त्याला अनोळखी माणसासमोर बसवतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये घर व कामाचे ठिकाण यांहून वेगळ्या अशा ‘तृतीय स्थाना’ची कल्पना मांडली. चहागृहे, पानगृहे, केशकर्तनालये अशा ठिकाणी माणसे दर्जा विसरून बोलतात व त्यातून नागरी जीवन घडते, असे त्यांचे म्हणणे आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलाला ही व्याख्या पुष्कळ अंशी लागू पडते.

तथापि, तृतीय स्थान सर्वांना खुले असते असे गृहीत धरता येत नाही. अमेरिकन शहरांतील भोजनगृहांच्या याद्या वाचताना एका वेगळ्या यादीचे स्मरण ठेवावे लागते. न्यूयॉर्कचे टपालकर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढली. कोणत्या गावी कोणते उपाहारगृह, कोणते वसतिगृह, कोणते पेट्रोलविक्रीचे ठिकाण कृष्णवर्णीयांना नाकारणार नाही, एवढेच ती सांगे. साधारण तीस वर्षे तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. इतर याद्या ‘कोठे जावे’ हे सांगत. ही यादी ‘कोठे जाता येईल’ हे सांगे. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील गोऱ्यांसाठी राखीव भोजनफळीपाशी बसून राहिले आणि त्या बसण्याचेच आंदोलन झाले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक उपाहारगृहांतील वर्णभेद बेकायदा ठरविला.

भारताने हीच गोष्ट आपल्या संविधानात १९५० मध्येच नोंदविली होती. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून प्रवेश नाकारण्यास मनाई आहे. मूलभूत हक्कांच्या उदात्त परिच्छेदांत उपाहारगृहाचा स्पष्ट उल्लेख यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या समाजात रोटीव्यवहार हीच जातीची सीमारेषा होती, तेथे हॉटेलातील मेज हे घटनात्मक प्रश्न ठरणे अपरिहार्य होते.

३. पानगृह : मद्य आणि पाणी

अमेरिकन शहरांच्या याद्यांत ‘पिण्याची ठिकाणे’ म्हणजे मद्यपानाची ठिकाणे असा अर्थ गृहीत असतो. या ठिकाणांचे आजचे स्वरूप बंदीच्या इतिहासाने घडविले आहे. अठराव्या घटनादुरुस्तीनुसार जानेवारी १९२० मध्ये तेथे दारूबंदी अमलात आली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या दुरुस्तीने ती उठली. मधल्या काळात दारे लावून, खुणेचा शब्द ऐकून गिऱ्हाईक आत घेणारे गुप्त गुत्ते वाढले. आज त्याच गुप्ततेची नक्कल करणारी पानगृहे कित्येक अमेरिकन शहरांत हौसेने पाहिली जातात. एके काळचा गुन्हा कालांतराने प्रेक्षणीय कसा होतो, याचा हा मासला होय.

मुंबईचा अनुभव समांतर आहे, पण एकरूप नाही. काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी जाहीर केली. मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर ती टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. त्याची वैधता ‘मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा’ या खटल्यात तपासली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये अधिनियमाचा बहुतांश भाग वैध ठरविला आणि मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावरील निर्बंधांसह काही भाग रद्द केला. १९६० च्या दशकात हे धोरण शिथिल झाले. मात्र कायदा रद्द झाला नाही. मद्यपानासाठी परवाना हवा, हे तत्त्व कायम राहिले. मुंबईच्या पानगृहावर ‘परमिट रूम’ अशी पाटी दिसते ती यामुळे. अमेरिकेत बंदी गेली आणि तिची आठवण सजावट म्हणून उरली. महाराष्ट्रात सोय आली, परंतु बंदीचा शब्द पाटीवर राहिला.

तथापि, महाराष्ट्रात पिण्याच्या ठिकाणाचा मूलभूत प्रश्न मद्याचा नव्हता, तो पाण्याचा होता. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या करण्याची शिफारस केली. त्या आधारावर महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो सत्याग्रहींसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकून आलेल्या विद्वानाला स्वदेशात ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील शहरांतही त्या काळी गोऱ्यांची व कृष्णवर्णीयांची पाणपोई वेगळी असे. ‘पिण्याची ठिकाणे’ या शीर्षकाखाली केवळ पानगृहे मोजली, तर या दोन्ही देशांतील पिण्याचा खरा इतिहास निसटतो.

४. नाहूर : यादीबाहेरचे शहर

आता नाहूरकडे वळता येईल. मुंबईची सुप्रसिद्ध ठिकाणे कुलाबा ते दादर या पट्ट्यात दाटलेली आहेत. बंदर, किल्ला व कचेऱ्या यांच्याभोवती हॉटेले निर्माण झाली. त्यांतच मार्गदर्शिका लिहिल्या गेल्या. आणि त्या वाचून येणाऱ्यांसाठी पुन्हा तेथेच नवी हॉटेले निघाली. हे चक्र एकदा सुरू झाले की यादी आपल्या आपणच पुष्ट होत जाते. उपनगरे मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतात. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूने भांडुपपर्यंत व १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत वाढली. नाहूरला स्वतःचे रेल्वेस्थानक मिळण्यास २००६ हे वर्ष उजाडावे लागले. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी ज्या भूमीवरून प्रथम धावली, तिला थांबा मिळण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली, असा याचा अर्थ होतो. यात आणखी एक विरोधाभास आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना ठाणे, कल्याण व घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीत सुचली, अशी नोंद आढळते. म्हणजे ज्या परिसरात रेल्वेचा विचार उगवला, तो परिसर पुढे खिडकीतून मागे टाकण्याची जागा ठरला.

नाहूरच्या परिसरास ‘पाहणे, खाणे, पिणे’ ही कसोटी लावली असता काय दिसते?

पिण्यापासून आरंभ करणे इष्ट. एकोणिसाव्या शतकात भांडुप येथे रम गाळण्याची मोठी भट्टी होती. पश्चिमेकडील डोंगरांत १८६० मध्ये विहार तलाव पूर्ण झाला आणि मुंबई बेटाला नळाचे पाणी मिळाले. १८७९ मध्ये तुळशी तलावाची भर पडली. आज वैतरणा व भातसा खोऱ्यांतून येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग भांडुप येथील जलशुद्धीकरण संकुलातून शहराला जातो. कुलाब्याच्या नामांकित हॉटेलात मेजावर येणारा पाण्याचा पेला या परिसराशी अशा रीतीने जोडलेला आहे. परंतु शहराच्या पाणवठ्याची नोंद पिण्याच्या ठिकाणांत कोणी करीत नाही. त्याच डोंगरांत कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथील भिक्षूंनी व दात्यांनी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आणि त्यांच्या दानाचे लेख आजही वाचता येतात. त्या लेखांत टाक्याला ‘पोढी’ हा शब्द आहे. तहानलेल्यासाठी पाण्याची सोय करणे व ती केल्याचे कोरून ठेवणे, ही साष्टीतील बहुधा सर्वांत जुनी ‘पिण्याच्या ठिकाणांची यादी’ म्हणता येईल.

खाण्याचा विचार करता, जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, हा या भागाचा कणा होय. विसाव्या शतकाच्या मध्यास या मार्गालगत कारखाने उभे राहिले. पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी, भजी व उसळ-पाव यांचा धंदा चालणे, ही औद्योगिक उपनगराची ठरलेली रीत होय. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ मध्ये सुरू केला असे मानण्यात येणारा वडापाव हा अशाच घाईच्या, उभ्याने खाण्याच्या गरजेतून रुजला. कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जागी उंच इमारती व बाजारसंकुले आली, तेव्हा टपरीचे गिऱ्हाईकही बदलले. बाजारसंकुलातील भोजनदालन यादीत येते. टपरी येत नाही. पहिल्याला पत्ता असतो, दुसरीला केवळ जागा असते. शासनाच्या योजनाही याच रिकाम्या जागेत उतरतात : १९९५ ची एक रुपयाची झुणका-भाकर आणि २६ जानेवारी २०२० पासूनची दहा रुपयांची शिवभोजन थाळी. स्वस्त अन्नाची गरज यादीबाहेरच्या शहरात किती मोठी आहे, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होय.

राहिले पाहणे. नाहूरच्या पूर्वेस मिठागरे, खारफुटी व ठाण्याची खाडी आहे. हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. राज्य शासनाने २०१५ मध्ये खाडीच्या काही भागास रोहित अभयारण्याचा दर्जा दिला व २०२२ मध्ये त्याची गणना रामसर करारातील पाणथळ भूमींत झाली. भांडुपच्या उदंचन केंद्रालगतची वाट पक्षिनिरीक्षकांना परिचित आहे. मॅककॅनेल यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे वस्तू होती. खूण अलीकडे लागली. परंतु खूण लागण्याच्या सुमारासच वस्तूविषयी शंका निर्माण झाली. २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील भाड्याच्या घरांसाठी देण्यास केंद्र शासनाने मान्यता दिली. दुसरीकडे नाहूर येथे विदेशी पक्ष्यांचे उद्यान उभारण्याचा महापालिकेचा संकल्प २०२५ मध्ये पुढे आला. घरांची निकड खोटी नाही, आणि उद्यानाने मुलांना आनंद होईल हेही खरे. तरीही आपोआप येणारे पक्षी ज्या पाणथळीवर अवलंबून आहेत तिचा विचार न करता आणलेल्या पक्ष्यांसाठी जागा आखली, तर प्रेक्षणीयतेची कल्पनाच उलटी होते. तेथे पाटी राहील आणि पाटीने दाखवावयाची गोष्ट निघून जाईल.

५. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, प्रेक्षणीय स्थळ, भोजनगृह व पानगृह यांच्या याद्या निरागस नसतात. त्यांत प्रवेशाचे नियम, कायद्यांचा इतिहास व वाहतुकीची सोय यांचे ठसे असतात. दुसरी, अमेरिकन व भारतीय शहरांची तुलना केवळ इमारतींच्या उंचीने किंवा हॉटेलांच्या संख्येने न करता, कोणत्या मेजावर कोणास बसता आले व कोणत्या पाणवठ्यावर कोणास ओंजळ भरता आली, या कसोटीने केली असता अधिक फलदायी होते. तिसरी, यादीत नसलेले उपनगर हे शहराबाहेरचे नसते. पुष्कळदा तेच शहराचे पाणी, मीठ, श्रम व मोकळी हवा पुरवीत असते.

अभ्यासकांच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ साधा आहे. दक्षिण मुंबईतील इराणी हॉटेलांवर पुष्कळ लिहिले गेले आहे व जाते. भांडुप, नाहूर, मुलुंड येथील खाणावळी, पाळीच्या वेळचे चहावाले, मिठागरांवरील आगरी कुटुंबे, खाडीकाठचे कोळी यांच्याकडील तोंडी माहिती मात्र अद्याप गोळा करावयाची आहे, आणि ती देणारी माणसे वृद्ध होत चालली आहेत. इमारत पडली तर तिचा नकाशा कचेरीत सापडतो. खाणावळ बंद पडली तर तिच्या पंक्तीचा नकाशा कोठेही सापडत नाही. तेव्हा शहराची पुढील यादी करताना आरंभ नाहूरच्या फलाटावरून करावा. तेथून पश्चिमेस डोंगर व पूर्वेस खाडी हाकेच्या अंतरावर आहेत, आणि मधल्या वस्तीत विचारण्यासारखे पुष्कळ आहे.